हेटी हॉटपॉटचे क्लॉग

तुमच्याच पायांचा आवाज चोरून कुणी तुम्हालाच त्याच्या तालावर नाचवलं, तर तुम्ही काय कराल? गप्प बसाल? मान खाली घालून घरी जाल? खोटं बोलू नका, बहुतेक जण तेच करतात. हॅझलक्लफच्या बर्नार्ड नटलनेही तीन दिवस तेच केलं.

बर्नार्ड त्रेसष्ट वर्षांचा. सपातांच्या कारखान्यात फिटर होता, कारखान्याला टाळं लागेपर्यंत. पण इंग्लंडातल्या लँकशायरच्या त्या खोऱ्यात त्याला फिटर म्हणून ओळखतो कोण! नाताळ आला की गावच्या थिएटरात पँटोमाइम लागतं, आणि त्यात एक थोराड बाप्या म्हातारीचं सोंग घेऊन गावाला हसवतो. तिला डेम म्हणायचं. आपल्या गवळणीतल्या मावशीची लांबची बहीण समजा. एकतीस हिवाळे ही डेम म्हणजे बर्नार्ड. नाव हेटी हॉटपॉट. एकावर एक तीन झगे, उशीची छाती, आणि खाली अकरा नंबरचे लालभडक क्लॉग.

या क्लॉगचं नीट ऐका, कारण सगळं भांडण त्यांच्यावरनं आहे. लाकडी तळ, वर चामडं, तळाला लोखंडी नाल. खोऱ्यातलं गिरणीत जाणारं प्रत्येक माणूस एके काळी हेच घालायचं. बर्नार्डचे क्लॉग बनवायची एडना पिकअप. शहात्तर वर्षांची, बापाकडनं धंदा उचललेली, मंडईमागच्या खोलीत लाकडाच्या भुशात बसणारी. थिएटरचं स्टेज प्रेक्षकांकडे उतरतं, म्हणून ती टाच मुद्दाम तासून कमी ठेवायची. "नाहीतर झग्यासकट पहिल्या रांगेत कोसळशील," म्हणायची, "आणि तिथे बसणाऱ्या बायांनी आधीच आयुष्यात पुष्कळ सोसलंय."

नाच त्याला आजीने शिकवलेला. आजी विणकरीण. मागापाशी उभ्या उभ्या ती पायांनी मागाचाच ठेका धरायची, आणि तोच ठेका तिने नातवाला स्वयंपाकघराच्या फरशीवर दिला. कोणत्या शाळेत मिळतं हे?

मग एका नव्या कंपनीने थिएटर चालवायला घेतलं. त्यांचा व्यवस्थापक एलियट, गुळगुळीत दाढीचा, हसरा माणूस. फेब्रुवारीत तो मायक्रोफोन घेऊन आला. "बर्नी, ही कला जपली पाहिजे. आमच्या संग्रहासाठी तुमचा नाच ध्वनिमुद्रित करू या." बर्नार्डला गावात कोणी बर्नी म्हणत नाही. पण तो फुलला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा कोणी कला म्हटलं होतं. दुपारभर नाचला, आजीची एकूण एक चाल नाचला, घाम पुसत कागदावर सही केली.

डिसेंबरात तालमीला गेला तर जुन्या फळ्यांवर चकचकीत फरशी बसवलेली, खालून दिवे लागणारी. आणि एलियटच्या हातात लाल बुटांचा जोड.

"हे काय?"

"तुमचे क्लॉग, बर्नी. फोमचे. वरून अगदी तसेच रंगवलेत."

"आणि नाल?"

"या फरशीवर लोखंड चालणार नाही. तडे जातील."

"मग आवाज कुठून काढू? तोंडातून?"

"आवाज आहे ना आपल्याकडे." एलियटने बटण दाबलं आणि स्पीकरमधून बर्नार्ड नटल नाचायला लागला.

"हे संग्रहासाठी होतं."

"संग्रहातूनच काढलंय. बघा ना, आता कोणीही हेटी होऊ शकतं! तुमच्या गुडघ्यांना केवढा आराम!"

तो हे उपकार केल्यासारखं बोलला. बर्नार्ड समजायचं ते समजला. आता कोणीही, म्हणजे पुढच्या वर्षी दुसरा. आजीची चाल थिएटरात राहणार आणि आजीचा नातू रस्त्यावर.

तो तडक एडनाकडे गेला.

"सही केलीस?" तिने विचारलं.

"केली."

"वाचून?"

"चहा आला होता गं तेवढ्यात."

"चहा! अरे, येशूला विकणाऱ्या यहूदाला निदान चांदी मिळाली होती. तुला काय मिळालं, बिस्किट?"

"दोन."

एडनाने हातोडी आपटली. "मग जा आणि तोंडावर फेक त्यांचा फोम!"

"फेकला तर उद्याच दुसरा उभा करतील. माझे पाय त्यांच्याकडे आहेत, एडना."

"तर इथे रडू नकोस. माझं लाकूड आधीच ओलं आहे."

खेळ सुरू झाले, आणि तीन दिवस तो फोम घालून उभा राहिला. पूर्वी तो अर्ध्या ठेक्यावर पाय हवेत धरून थांबायचा. पोरं किंचाळायची, "टाक ना, हेटी!" तो कानाला हात लावून "काय म्हणालात?" करायचा, आणि पोरांचा घसा बसला की मगच पाय खाली यायचा. आता स्पीकर कोणासाठी थांबत नव्हता. तो पुढे, बर्नार्ड मागे. स्वतःच्याच मागे धापा टाकत पळायचं. याहून घाणेरडी चेष्टा मला माहीत नाही.

बुधवारी दुपारचा खेळ. त्या खेळाला वृद्धाश्रमातल्या चार विणकरणी पहिल्या रांगेत बसतात. मागांच्या गदारोळात चौघींचे कान तिशीतच गेलेले. म्हणून त्या बूट काढतात आणि मोज्यातले तळवे लाकडी जमिनीवर टेकवतात. स्टेजवरचा नाच त्या फळ्यांतून ऐकतात. आणि बोलतात आवाजाशिवाय, ओठ मोठाले हलवून, जसं गिरणीत बोलायच्या. बर्नार्डला ती बोली आजीमुळे पाठ.

नाच सुरू झाला. चौघींतली अ‍ॅग्नेस हॉवर्थ, वय अठ्ठ्याऐंशी, पाय टेकून बसली होती. तिने तळवे उचलले, पुन्हा टेकवले. मग बर्नार्डकडे बघून ओठ हलवले, "पोरा, तू नाचत नाहीयेस."

"नाचतोय की," त्याने ओठांनीच उत्तर दिलं.

"फळीतून काही येत नाही. पाय मेलेत तुझे."

बर्नार्ड थांबला. स्पीकर खडखडत राहिला.

पोरांनी लगेच पकडलं. "थांबलीये! हेटी नाचत नाहीये!"

तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "नाचतेय!"

"नाही!"

"अगं बाई, नाचतेय मी!"

"नाही, नाही, नाही!" अख्खं थिएटर ओरडत होतं.

"मग हे कोण नाचतंय?" त्याने स्पीकरकडे बोट केलं. नुसता आवाज, टकाटक टकाटक, आणि त्याखाली एक माणूस खांबासारखा उभा.

त्याने वाकून फोमचे बूट काढले, एलियट उभा होता त्या पडद्याकडे भिरकावले, तिन्ही झगे सावरत पायऱ्या उतरला आणि अ‍ॅग्नेससमोरच्या लाकडी जमिनीवर नुसत्या मोज्यांनी नाचायला लागला. टाचा आपटून. स्पीकरच्या ठेक्याला न जुमानता, उलटा, सावकाश, मधेच थांबत. अ‍ॅग्नेसने डोळे मिटले. मग तिची टाच चालू झाली, मग बाकी तिघींची.

"आलं," तिचे ओठ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पत्र आलं. स्टेज सोडून प्रेक्षकांत उतरल्याने सुरक्षेला धोका, सबब उरलेल्या खेळांतून मुक्त. मुक्त! शब्द बघा बदमाशांचा. शुक्रवारी मँचेस्टरहून सव्वीस वर्षांचा एक पोरगा आला, फोम घालून हेटी झाला. पोरगा वाईट नव्हता. पण पाय बर्नार्डचेच वाजत होते. बर्नार्डने आपला आवाज परत मागितला, तर उत्तर आलं, परवानगी लेखी आहे.

तो आता एडनाच्या खोलीत बसून लाकडाला पॉलिश करतो. "चिडलायस अजून?" ती विचारते.

"हो."

"शाब्बास. चिडलेलाच राहा."

तो राहीलच. पण एकट्याच्या चिडण्याने स्पीकर बंद पडत नाही. म्हणून सांगतो, नाताळात हॅझलक्लफला गेलात, तर तिकिटाच्या खिडकीशी विचारा, आत पाय कोणाचे वाजतात? मोठ्याने विचारा, मागच्या रांगेला ऐकू जाईल असं. आणि आतल्या माणसाच्या तोंडून बर्नार्ड नटल हे नाव निघेपर्यंत खिडकी सोडू नका.