कॅमेऱ्यासाठी आणलेला उकिरडा

ये गं, अशी जवळ बस. उंबऱ्यात उभं राहून बोलायची ही कुठली पद्धत? आणि आधीच सांगते, तुझ्यावर जरा रागावलेय मी. काल पाहुण्यांसमोर काय म्हणालीस? "आमची आज्जी फिल्ममदी गायली हुती, लई भारी!" बघितलीस का तू ती फिल्म? नाही ना? मग भारी कशावरून? माझ्या भावाची नात तू, तुला कुणी सांगितलंच नाही, तो तुझा दोष नाही म्हणा. पण आता ऐक.

गालावर राख. तिथून सुरुवात आहे.

आमच्याच दारात मला खुर्चीवर बसवलेलं, आणि आमच्याच चुलीतली राख एक माणूस माझ्या गालांना चोळत होता. फिल्म काढायला मुंबईहून आलेले साहेब लांबून डोळे बारीक करून बघत होते. म्हणाले, "अजून लाव. ही फारच स्वच्छ दिसते. हिच्यावर कुणाला दया येणार?"

सगळी गल्ली उभी होती. माझी आई उभी होती. आणि मी काय केलं? मान वर करून गाल पुढे केला. नीट लागावी म्हणून.

तेव्हा मुंबईत नुकता टीव्ही आला होता. आमच्या सोलापुरात थेटरच. मोठ्या पिक्चरच्या आधी छोट्या फिल्मा दाखवायचे. आमच्या भागात एक संस्था होती, गरिबांच्या भल्यासाठी काढलेली. त्यांच्या गणपतीत मी एकदा गायले, ते लोकांना आवडलं. मग त्यांनी ठरवलं, हिच्या गाण्याची फिल्म काढायची. गाणं चालेल आणि मागं आमची वस्ती दिसेल. गाणारी पण मोठी होईल, लोकांना गरिबी पण कळेल. असं सांगितलं.

गाणं आईचं आणि माझं. घरी बिड्या वळताना जुळवलेलं. आई एक ओळ घालायची, मी दुसरी. शेजारची यल्लव्वा तिकडून कानडीत हुंकार द्यायची. त्यातलं मुकादमाचं कडवं असं सुरू व्हायचं:

बोटाला पान गं, पानाला धागा,
मुकादमदादा, आमची कुटं जागा?

दिवसभर वळलेल्या बिड्या कारखान्यात न्यायच्या. तिथं मुकादम टोपलीत हात घालायचा आणि मूठमूठ बाजूला फेकायचा. ही बारीक, ही सैल. फेकलेल्याचे पैसे नाहीत, पण बिड्या मात्र तो परत द्यायचा नाही. ते सगळं गाण्यात होतं. साहेबांनी गाणं ऐकलं, मान डोलावली आणि मुकादमाचं कडवं काढून टाकलं. "लांब होतंय," म्हणाले. कारखान्याचा मालकच त्या संस्थेचा अध्यक्ष होता, हे मला ठाऊक होतं. तरी मी "बरं" म्हणाले.

शूटिंगच्या दिवशी बायका पहाटेपासून राबत होत्या. आता तूच सांग, दारात पाहुणा येणार म्हटल्यावर बाई काय करते? झाडलोट करते. गल्लीभर शेणाचा सडा घातला. यल्लव्वानं दारापुढे एवढी मोठी रांगोळी काढली. धुतलेल्या चादरी दोरीवर टाकल्या. आईनं पेटीतलं इरकली लुगडं काढलं, लग्नाकार्यालाच नेसायची ते. केसांना तेल लावून चापूनचोपून अंबाडा घातला. बिचारी दोनदा आरशात बघून आली.

साहेब जीपमधून उतरले, इकडे तिकडे बघितलं आणि त्यांचं तोंडच पडलं.

"हे काय? इथं घाण कुठाय?"

यल्लव्वा म्हणाली, "सायेब, घान सगळी काडली की आमी! बगा, कसं लख्ख केलंय!" आणि हसली. शाबासकी मिळेल असं वाटलं असणार तिला.

संस्थेचे लोक गेले आणि कचऱ्याची गाडी घेऊन आले. बाजारातला कचरा. कुजलेली भाजी, चिंध्या, मेलेली घूस. आमच्या दारांपुढे ओतला. रांगोळीवर ओतला. यल्लव्वा धावली तर तिला म्हणाले, "बाई, बाजूला व्हा, फोटोत येताय."

मग साहेबांनी आईकडं बोट केलं. "आई हीच ना? हिला त्या ढिगात बसवा. वेचत असल्यासारखी. आणि हे लुगडं नको, फाटकं आणा."

आई माझ्याकडं बघत राहिली. मी नको म्हणावं एवढीच वाट बघत होती गं ती. मी नको म्हटलं असतं तर तिनं झाडू घेऊन जीप गल्लीबाहेर काढली असती. तेवढी धमक होती तिच्यात.

मी म्हणाले, "आई, नेस की. घटकाभराचं तर हाय."

तिनं नेसलं. ढिगात बसली. मी कचऱ्यातून गात चालले, बिडी वळणाऱ्या बाईचं गाणं, आणि माझी आई माझ्या मागं चिंध्या उचलत होती. मी सूर चुकू दिला नाही. साहेब म्हणाले, वा.

फिल्म लागली तेव्हा आम्ही गल्लीतल्या सगळ्या बाया नटूनथटून गेलो. गजरे माळून. पडद्यावर आधी मी आले, राखेची. वरून एका पुरुषाचा आवाज, घोटीव, शुद्ध: "उकिरड्यावर उमललेला हा सूर. हिची आई दिवसभर कचरा वेचते. या वस्तीला स्वच्छता माहीत नाही."

मागून कुणी बाई म्हणाली, "अगं बाई, बिचारी." कुणी पोरगा ओरडला, "नाकं दाबा रे!" आणि थेटर हसलं. आमच्या रांगेतल्या बायकांनी एकेक करून तोंडावर पदर घेतले. अंधार होता, तरी घेतले.

कचरा वेचणं हलकं काम नाही. ज्या वेचतात त्या माझ्याच आयाबहिणी. पण ते आमचं नव्हतं. आमचं खरं दुखणं मुकादमाच्या हातात होतं, आणि तो हात पडद्यावर कुठंच नव्हता. बघणाऱ्याला काय कळलं? ही माणसं घाणेरडी म्हणून गरीब. तेवढंच कळलं. माझ्या आवाजात कळलं.

घरी येऊन आई पानं कापायला बसली. मी जवळ बसून ओळ सुरू केली. तिनं पुढची घातली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. यल्लव्वाचा हुंकारही थांबला. बोलायच्या, हसायच्या, मला जेवायला वाढायच्या. पण गाणं नाही.

पुढं संस्थेनं सोलापुरातच, सात रस्त्याजवळच्या एका हॉलात माझा सत्कार ठेवला. माझं नाव झालं होतं ना! आई म्हणाली, "तू जा, मला काम हाय." मी तिची मनधरणी केली नाही, कुठल्या तोंडानं करणार? स्टेजमागं साहेबांनी पिशवी पुढं केली. आत तसलंच फाटकं लुगडं. आणि राखेची डबी.

"हे नेसून ये. लोक त्या मुलीला बघायला आलेत."

"ती पोरगी तुमी केली," मी म्हणाले. "मी ही हाय."

"मग गाणं होणार नाही."

"नका होऊ देऊ."

मी आहे त्या साडीत स्टेजवर गेले. माईक धरला. म्हणाले, "त्या फिल्ममदला कचरा आमच्या गल्लीतला न्हाय. ह्यांनी गाडी भरून आनला. ती बाई बिड्या वळती. ती माझी आई हाय. आनि गाण्यातलं मुकादमाचं कडवं ह्यांनी कापलं, ते आता म्हनते."

पहिली ओळ झाली आणि त्यांनी माईक बंद केला. मी तशीच म्हणत राहिले. पुढच्या दोन रांगांना ऐकू गेलं असेल. टाळी कुणीच वाजवली नाही. जाताना एक बाई म्हणाली, "केल्याची जाण नाही या लोकांना."

फिल्म पुढे किती गावांत फिरली, मला माहीत नाही. कुठं कुठं माझी आई अजून त्या ढिगात बसलेली असेल. घरी आल्यावर मी तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकलं, आणि बिडीचा दोरा दातानं तोडला. "बरं केलंस," म्हणाली. पण गायली नाही. मरेपर्यंत गायली नाही. याची मला माफी नको, कुणी देऊही नये.

त्या दिवसापासून एक धरून ठेवलंय. माझ्या आवाजाखाली काय दाखवायचं ते मी ठरवणार. ठरवू देत नसतील तर आवाज मिळणार नाही. किती आले नंतर! टेप घेऊन, कॅमेरे घेऊन, गोड बोलून. मी आधी विचारते, वरून काय बोलणार, कोणतं कडवं ठेवणार. गडबडले की चहा पाजून वाटेला लावते.

तुलाही गाण्यांचे व्हिडिओ करायचेत, ठाऊक आहे मला. कर. पण कुणाच्या दारात उभी राहशील तेव्हा त्या घरच्या बाईला आधी विचार, तिला कसं दिसायचंय. आणि ती नको म्हणाली तर तुझं गाणं कितीही चांगलं असू दे, बंद कर.

ऊठ आता, बस चुकेल तुझी. आणि पुन्हा लवकर ये गं. ते कापलेलं कडवं मला अजून सगळं येतं, आणि माझ्यामागं ते म्हणणारं कुणी नाही.