वाडीची बॅटरी आणि माझा जीव

आमच्या ऑफिसात किस्से एवढे साठतात, की ते ठेवायला वेगळी बॅटरी लागेल! ऑफिस भिसेगावात, काम डोंगरावरच्या वाड्यांत सोलर बसवायचं.

माझी पहिली वाडी कोंडाणे लेण्यांच्या वरची. सगळ्या घरांना मिळून एकच बॅटरी. ऑफिसची अट एवढीच, की त्या बॅटरीवर पावसाळा निभावला तर सोलर कायमचं, नाहीतर उतरवून दुसऱ्या गावाला. माझी झोप उडाली. तशी ती मुलगी झाल्यापासूनच उडालेली, पण आता सांगायला कारण मिळालं!

*

जूनमध्ये वाडीच्या समितीच्या हिरामावशींचा फोन. "ताई, चार्जिंगच होत नाय!"

मुलीला सासूबाईंकडे सोपवून मी आणि वायरमन सलीमभाई वर धावलो. पॅनेलवर निळी ताडपत्री, चारी बाजूंनी घट्ट बांधलेली!

"मावशी, हे काय?"

"पावसात भिजंल ना गं!"

सलीमभाईंनी शांतपणे विचारलं, "मॅडम, ट्रेनिंग कुणी दिलं होतं?"

मीच दिलं होतं.

*

ताडपत्री निघाली, तरी चार्जिंग अर्धंच. पुन्हा वर गेले, तर पॅनेलवर कुणाच्या तरी बाळाची दुपटी वाळत होती.

"सगळ्यात जास्त ऊन हितंच पडतं, तुमीच सांगितलंत!" मावशी म्हणाल्या.

माझ्या घरची, आठवडाभर न वाळलेली दुपटी आठवली. मी ओरडले नाही. घड्या घालायला बसले.

*

मग ऊनच गायब झालं. मी सारखी फोन करायचे. "मावशी, दिवे जपून हं! बॅटरी पार उतरू देऊ नका!"

"ताई, तुमची पोर जेवली का?"

"नाही अजून."

"मग आदी तिला भरवा. बॅटरी आमी बगतो."

*

पावसाळा सरताना शेवटची तपासणी. मुलीला कडेवर घेऊन वर गेले. बॅटरी चांगली भरलेली! मला वाटलं, मीटर बिघडला. सलीमभाईंनी दोनदा तपासला. "मीटर बरोबर आहे, मॅडम. सोलर राहिलं इथंच!"

"मावशी, कसं जमवलंत?"

"ढग आले की एकच दिवा लावायचा. आज हिच्याकडं, उद्या तिच्याकडं. पोरांचा अभ्यास, आमचं निवडणं-टिपणं, समदं तिथंच. आज बॅटरी भरलीय, आज समद्यांकडं दिवे!"

अंधार पडला. घराघरांत दिवे लागले. आणि अख्खी वाडी येऊन बसली हिरामावशींच्या ओटीवर! माझी मुलगीही त्यांच्याच मांडीवर.

मला राहवेना. "अहो मावशी, सगळे इथेच, मग बाकीच्या घरांतले दिवे कशाला?"

"हितनं बगायला!"