नूरभाईंची गुबगुबीत अक्षरं

राजुऱ्याचे नूर मोहम्मद पेंटर स्वतः काडीसारखे, पण त्यांची अक्षरं मात्र धोंड्याच्या महिन्यात सासुरवाडीला राहून आलेल्या जावयासारखी. गोल, जाडजूड, कुठं कोपरा म्हणून नाही. बेकरी असो, किराणा असो, की लग्नघराच्या भिंतीवरची नवरानवरीची नावं असोत, नूरभाईंचं प्रत्येक अक्षर नुकतंच जेवून उठल्यासारखं दिसायचं.

वळणं काढायला त्यांच्याकडे कंपास नव्हता. बायकोची, नाहीदभाभींची, एक बांगडी उतरवून घ्यायची, पाटीवर ठेवायची आणि भोवती खडू फिरवायचा. बांगडी परत हातात येईपर्यंत भाभी दारात उभ्या राहून त्यांना बोलत असत. अख्ख्या बाजाराला ते पाठ होतं.

एकदा नूरभाईंनी स्मशानभूमीची पाटी रंगवली. तीच अक्षरं, लाल, वर पिवळी किनार. माजरीचा एक पाहुणा गाडी थांबवून पोहे गरम आहेत का म्हणून विचारून गेला. हे सांगताना भाभींना हसू आवरेना.

"भाऊ, तुमच्या दोस्ताले सांगून ठेवा," त्या मला म्हणाल्या, "माही पाटी यायच्या हातची नको. लोक कबरीवर चहा मांगतीन."

"तू मर तं आधी, मंग पाहू," ब्रश धुता धुता नूरभाई म्हणाले.

यंदा दिवाळीच्या आधी तापाचं निमित्त झालं आणि भाभी गेल्या. शेवटची आंघोळ घालताना बायकांनी बांगड्या काढल्या आणि रुमालात बांधून नूरभाईंच्या हातात दिल्या.

मग कबरीचा दगड आला. भाभींचा शब्द मोडायचा नाही, पण दुसऱ्या कुणाला हातही लावू द्यायचा नाही, असं नूरभाईंनी ठरवलं. हात आपलाच, पण अक्षरं बारीक, गंभीर काढायची, म्हणजे कबरीवर कुणी चहा मागणार नाही. मी शेजारी बसलो होतो. पट्टी लावून त्यांनी नाव लिहिलं. चांगलं तहसील कचेरीच्या नोटिशीसारखं दिसत होतं. ते बघत राहिले.

"भाऊ, हे कोन आहे?"

"भाभींचं नाव आहे ना."

"नाई. हे आपल्या घरची नाई."

त्यांनी रॉकेलच्या फडक्यानं नाव पुसून टाकलं. बाजारातल्या जाहिदच्या फ्लेक्सच्या दुकानातून कॉम्प्युटरवर करून घ्या, असं मी सुचवलं.

चाळिसाव्या दिवशी कबरस्तानात गेलो, तर दगडावर नाहीद. लाल, वर पिवळी किनार, आणि तो द असा पोट सुटलेला, की मला भर कबरस्तानात हसू फुटलं. नूरभाईही हसले. मग दोघांनाही एकमेकांकडे बघवेना.

"नूरभाई, भाभी रागावतील," मी म्हणालो.

"रागावू दे ना." त्यांनी खिशातून बांगडी काढली. तिला खडू लागलेलाच होता. "घरात कोनी काई बोलूनच नाई राह्यलं भाऊ. बांगडी अजून माह्याच जवळ आहे, तरी नाई."