मिठाच्या खोलीची कडी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आणि आई गेली तेव्हा तिच्या उशाशी बसले होते तरी तिलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — हाही भित्रेपणाच म्हणा.

तसं मला भित्री कुणी म्हणणार नाही. खांदा कॉलनीत मी बावीस वर्षं बालवाडी चालवतेय. सोसायटीच्या मीटिंगमध्ये माझा आवाज चढला की सेक्रेटरी पाणी मागतो.

माझी धाकटी बहीण भारती खारघरला राहते. दोन वर्षांपूर्वी ती हळूहळू मिटत गेली. आंघोळ नाही, केस विंचरणं नाही, पुढ्यातल्या चहावर साय धरायची तरी हात पुढे व्हायचा नाही. आणि मी काय केलं? म्हटलं, फ्लॅटमध्ये बसून बसून सुस्तावलीय. तिच्या तोंडावर म्हटलं. डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलं, गोळ्या दिल्या आणि सोबत एका समुपदेशक मॅडमकडे पाठवलं.

मॅडमची पद्धत वेगळीच. तुझं काय बिघडलंय असं त्या विचारायच्या नाहीत. काय काय सोसलंस ते विचारायच्या, तेही तिला सांगावंसं वाटेल तेवढंच. कुठल्या खुर्चीत बसायचं ते भारती ठरवणार. दार लावू का, हेसुद्धा आधी तिला विचारणार. ती म्हणायची, उघडंच राहू दे. चार महिन्यांत ती आपणहून खाली उतरून बोंबील आणायला लागली. याला आमच्याकडे बरं होणं म्हणतात.

मग एका गुरुवारी तिनं मला सोबत बोलावलं. तिला काहीतरी आठवायला लागलं होतं — अंधार, गोणपाटाचा वास, दाराखालची उजेडाची रेघ, ओठांवर मीठ. कोंडलं कुणी, ते आठवत नव्हतं. घडलं होतं की स्वप्न होतं, तेही कळत नव्हतं. म्हणाली, "बाय, तू मोठी होतीस. असं काही झालं होतं का गं?" मोठ्या बहिणीला आम्ही बायच म्हणतो. मॅडम म्हणाल्या, आत्ताच उत्तर द्यायला हवं असं नाही, सावकाश सांगा.

मला कुणी घाई केली नव्हती — हे लक्षात ठेवा.

आईबाबा मिठागरावर राबायचे. हंगामात उजाडायच्या आत निघायचे. जाताना आई सांगायची, "पोरीला बघ, आमी येतो." मी अकराची, भारती पाचाची. आणि मी — मी तिला मागच्या मिठाच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावायचे. शाळेत जायला? नाही हो. सागरगोटे खेळायला. सबंध हंगाम. सुरुवातीला ती रडायची. नंतर दाराच्या फटीतून सांगायची, "बाय, मी नाय रडत आता." तरी मी कडी काढायचे नाही. एकदा मैत्रिणींबरोबर शेजारच्या गावात हळदीला गेले आणि तिला विसरले. दिवेलागणीला दार उघडलं, तर ती गोण्यांना टेकून बसलेली, डोळे उघडे, ओठ फुटलेले. आईला सांगितलं, ऊन लागलंय तिला.

अकरा वर्षांच्या पोरीला तुम्ही कदाचित माफ कराल. पण मॅडमसमोर बसलेली बाई एक्कावन्न वर्षांची होती.

मी हसले. म्हटलं, "खोली होती गं, पण तिला कडीच नव्हती. तुला लहानपणापासून सवयच गोष्टी रचायची." अगदी सहज म्हटलं, बालवाडीतल्या पोराला समजवावं तसं. भारतीनं मान हलवली. तिचा स्वतःपेक्षा माझ्यावर जास्त विश्वास. मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना कळलं असेल का? माहीत नाही. मला फक्त एवढंच दिसत होतं की अख्खी कॉलनी आपली पोरं माझ्यावर सोपवते. त्या लाजेपायी मी बहिणीला खोटी पाडली.

पुढच्या आठवड्यात तिनं फोन करून मॅडमची माफी मागितली — उगाच काहीबाही सांगून तुमचा वेळ घेतला म्हणून. मला म्हणाली, "माझंच डोकं फिरलं असणार." तिथं जाणं थांबलं. मॅडमचे दोनतीन फोन आले, ते तिनं उचलले नाहीत. पुढे गोळ्याही सुटल्या. आता दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडून असते, आणि तिचा नवरा मला फोन करून विचारतो, बरी होत आली होती, मग अचानक काय झालं हो? मी म्हणते, काय माहीत.

गुरुवारी मात्र ती उठते. मॅडमकडे जायची त्याच वेळेला रिक्षा करून माझ्याकडे येते. मीच बोलावलं होतं, घरात एकटी पडू नकोस म्हणून. येते, जमिनीवर बसते, फारसं बोलत नाही. परवा जेवताना मध्येच थांबली आणि म्हणाली, "बाय, तुझ्याजवळ भीती नाय वाटत."

मी तिला भात वाढला.