तिची शेवटची गोधडी

१९९१ साल होतं आणि मी पासष्ट वर्षांचा. आमच्या मंडळीची नजर जात चालली होती, तरी ओट्यावर बसून ती गोधडी शिवायचीच. सुईत दोरा सून ओवून द्यायची, पण ठिगळं ही स्वतः चाचपून निवडायची.

"हा दादाचा सदरा... ही थोरलीच्या परकराची किनार..."

टाका वाकडा जायचा, माणूस चुकायचं नाही. मी चौथी नापास, मला जास्त कळत नाही. पण माणसं मरतात, लांब जातात, आणि चिंधीएवढी होऊन हिच्या मांडीवर परत येतात, एवढं मी एके दिवशी बघितलं.

"आणि माझं कुठाय गं हिच्यात?"

"तुमचं कसं असंल? कुस्तीत जिंकलेला फेटा ट्रंकेत ठेवून नागावानी बसलाय की त्याच्यावर!" ती हसली. मग हळूच म्हणाली, "ही शेवटचीच हाय. पुढं दिसायचं नाही मला."

तो फेटा मी पोराच्या लग्नातसुद्धा कुणाला बांधू दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रंक उघडली, आणि तिला आवाज ऐकू जावा म्हणून तिच्या शेजारी बसूनच फेटा टर्रकन फाडला.