एक नंबरची बाटली

चहा घ्या आधी. पुढचं ऐकल्यावर माझ्या एम.ए.च्या डिग्रीबद्दल तुमचं जे काही चांगलं मत असेल ते राहणार नाही, आणि मला ते निदान कप रिकामा होईपर्यंत टिकवायचं आहे.

मी श्रीरामपूरला एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. शिकवते म्हणजे तासिका तत्त्वावर. हे तत्त्व काय असतं ते ज्यांना माहीत नाही त्यांचं अभिनंदन. तास घेतला तर तुम्ही प्राध्यापक, नाही घेतला तर तुम्ही कोण? बाळंतपणाची रजा हे पर्मनंट लोकांचे लाड. माझी जुई साडेतीन महिन्यांची झाली आणि प्राचार्यांचा फोन आला.

"मॅडम, सोमवारी येताय ना? नाहीतर काय आहे, दुसऱ्या एक मॅडम तयार आहेत."

दुसऱ्या एक मॅडम नेहमी तयार असतात. आणि कॉलेजात स्त्री-पुरुष समानतेचा पेपर कोण शिकवतं? मी. सोमवारी गेले नाही, तर तोही दुसऱ्या मॅडम शिकवणार.

प्रश्न एकच होता. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच जुईनं काय प्यायचं?

आमचं घर कोल्हारला. ओसरीवर माझे सासरे, म्हणजे अण्णा, दूध संकलन केंद्र चालवतात. गावातले लोक सकाळ-संध्याकाळ दूध आणून घालतात, तिथून ते मोठ्या डेअरीला जातं. सासूबाईंना मी आई म्हणते. त्यांची चंद्री नावाची गाय आहे आणि केंद्रातलं खातं नंबर एक आईंच्या नावावर आहे. आईंच्या मते माझा प्रश्न हा प्रश्नच नव्हता.

"अगं, दुधाच्या घरात पोरीला दुधाची वानवा व्हय? चंद्रीचं दूध उकळायचं, थोडं पानी घालायचं, अन् वाटी-चमच्यानं पाजायचं. सागर त्याच्यावरच वाढलाय."

सागर म्हणजे माझा नवरा. त्याच्याकडे बघून हा मुद्दा फारसा पटण्यासारखा नव्हता, पण मी ते बोलले नाही.

"आई, सहा महिने फक्त आईचं दूध. गाईच्या दुधाचा एक थेंबसुद्धा तिच्या ओठाला लागणार नाही."

हे वाक्य मी ओसरीवर उभी राहून, दूध घालायला आलेल्या सगळ्यांसमोर म्हणाले. लक्षात ठेवा हे वाक्य. मी विसरायचा खूप प्रयत्न केलाय.

गुरुवारी मी आणि सागर पंप आणायला नगरला गेलो. मेडिकलवाल्यानं माझ्याकडे न बघता सागरला विचारलं, "सर, हाताचा देऊ का इलेक्ट्रिक?"

सागर छताच्या पंख्याकडे बघायला लागला.

"मला विचारा," मी म्हणाले. "दूध मला येतं, यांना नाही."

दुकानात चार गिऱ्हाईकं होती. चौघंही एकदम आपापली प्रिस्क्रिप्शनं वाचायला लागली. मेडिकलवाल्यानं खाली वाकून, चोरीचा माल काढावा तसे दोन खोके काढले. मी अर्धा तास घेतला. हाताच्या पंपानं मनगट दुखतं, म्हणून तो बाद. इलेक्ट्रिकमध्ये एक चार्जिंगचा आणि नऊ लेव्हलचा होता, तो घेतला. कॉलेजात वीज गेली तर चार्जिंग हवंच. त्याबरोबर दूध साठवायच्या प्लास्टिकच्या पिशव्या मिळत होत्या, एकदा वापरायच्या आणि फेकायच्या. मी त्याला प्लास्टिकवर पाच मिनिटं सुनावलं आणि पिशव्या नाकारल्या. हेही लक्षात ठेवा.

मग त्यानं खोकं वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि काळ्या पिशवीत घातलं.

"कागद काढा."

"मॅडम, बरं दिसत नाही."

"ते बीपीचं मशीन काचेत मांडलंय, ते बरं दिसतं? हे काय दारू आहे का?"

कागद काढायला लावला. एसटीत खोकं मांडीवर घेऊन बसले, चित्राची बाजू पुढं करून. समोरच्या सीटवरचे आजोबा माझ्याकडे तोंड करून बसले होते. ते राहुरीपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांची मान धरली असणार. धरू दे. लाज वाटायची असेल तर ज्याला वाटते त्यानं मान वळवावी, असं माझं मत होतं आणि आहे.

घरी आल्यावर खोलीचं दार लावून मी पंप जोडला. माहितीपुस्तकात पहिल्या लेव्हलपासून सुरुवात करा असं लिहिलं होतं. मी आयुष्यात कधी पहिल्या लेव्हलवर समाधान मानलेलं नाही. नऊ लावली.

त्याबद्दल मी जास्त बोलणार नाही. बाहेरून आईंचा आवाज आला, "काय गं, पाल दिसली का?"

तीनवर आले तेव्हा जमायला लागलं. घुर्र-खुप्प, घुर्र-खुप्प. आई दाराशी येऊन ऐकत राहिल्या.

"शेजारच्या लतीफभाईच्या गोठ्यात असलंच मशीन हाय," त्या म्हणाल्या. "त्येला चार नळ्या हायेत फक्त."

मला इतका राग आला की ती लेव्हल पुन्हा नऊवर न्यावीशी वाटली. पण राग करून काय उपयोग? मला सोमवारपर्यंत साठा करायचा होता. पिशव्या तर नाकारल्या होत्या. मग मला अण्णांच्या केंद्रावरच्या सॅम्पलच्या बाटल्या आठवल्या. प्रत्येक खातेदाराच्या दुधाचा नमुना अण्णा झाकणाच्या छोट्या काचेच्या बाटलीत ठेवतात, झाकणावर मार्करनं खात्याचा नंबर घालतात आणि बाटल्या भोकाभोकांच्या ट्रेमध्ये लावून आमच्याच फ्रीजमध्ये ठेवतात. दर शनिवारी मोठ्या डेअरीचा सुपरवायझर मशीन घेऊन येतो आणि हे नमुने तपासतो. नव्या बाटल्यांचा अख्खा खोका पडून होता. काच, झाकण, पुन्हा वापरता येणारी. याहून पर्यावरणाला धरून काय असणार?

चार बाटल्या मी उकळून घेतल्या. शुक्रवारभर घुर्र-खुप्प करून चारही भरल्या. कुठली आधी पाजायची ते कळावं म्हणून झाकणांवर मार्करनं एक, दोन, तीन, चार लिहिलं. शिवाय कुठलं दूध कधी आणि कुठल्या बाजूचं याची नोंद ठेवावी असं एका व्हिडिओत ऐकलं होतं, म्हणून प्रत्येक बाटलीच्या बुडाला चिठ्ठी चिकटवली. मग बाटल्या फ्रीजमध्ये ठेवल्या, अण्णांच्या ट्रेशेजारी. फ्रीजचा दिवा दोन महिन्यांपासून गेलेला. सागर बदलणार आहे. अजूनही बदलणारच आहे.

शनिवारी सकाळी मी रंगीत तालीम ठेवली. जुई वाटी-चमच्यानं पिते का हे बघायला नको? फ्रीजमध्ये हात घातला, एक नंबरची बाटली काढली, गरम पाण्यात ठेवून कोमट केली आणि आईंना मुद्दाम समोर बसवलं.

जुईनं पहिला चमचा घेतला. थांबली. माझ्याकडे बघितलं. आणि दुसऱ्या चमच्यासाठी अशी पुढे झाली की मला वाटी मागे घ्यावी लागली. तालीमच होती, चार चमचे पाजले आणि थांबवलं. ती रडली.

"बघितलंत?" मी म्हणाले. "आईच्या दुधाची चव बाळाला कळते. ही नैसर्गिक ओढ असते."

आईंनी वाटीत डोकावून बघितलं. "लईच दाट दिसतंय गं."

"पंपाचं आहे, आई. शेवटचं घट्ट दूधसुद्धा ओढून काढतो तो."

"अन् तू अळिवाची खीर न्हाई, डिंकाचा लाडू न्हाई, नुसतं सॅलड खाऊन एवढं दाट?"

"विज्ञान," मी म्हणाले.

नऊ वाजता सुपरवायझरची गाडी आली. अण्णांनी हाक मारली, "मीनल, सॅम्पलचा ट्रे दे गं बाहेर." मी ट्रे काढला तर त्यातलं पहिलं भोक रिकामं. आणि शेजारी एक नंबरची बाटली सुटी पडलेली. माझी एक नंबरची तर मी मघाशीच वापरली होती. म्हणजे ही अण्णांचीच, ट्रेमधून निसटलेली. किती सोपं गणित. पुरुषांना साध्या बाटल्या जागेवर ठेवता येत नाहीत, असं पुटपुटत मी ती भोकात बसवली आणि ट्रे बाहेर दिला.

तुम्ही हसताय. मला तेव्हा कोणी का नाही हसलं?

पाच मिनिटांत ओसरीवरून सुपरवायझरचा आवाज आला. "अण्णा, एक नंबरात पाणी आहे."

एक नंबर म्हणजे आई. सात-आठ जण किटल्या घेऊन उभे होते, त्या सगळ्यांना हे माहीत होतं. आई गोठ्यातून आल्या, कोपरापर्यंत शेणानं भरलेले हात तसेच.

"काय म्हनला?"

"मावशी, मी नाही, मशीन म्हणतंय. पाण्याचं प्रमाण फार आहे. मला वर कळवावं लागेल."

"तीस वर्सं दूध घालतीय," आई म्हणाल्या. "आन म्या पानी घातलं?"

त्यांचा आवाज हलला. मी त्यांच्याशी रोज भांडते, पण त्यांचा आवाज असा हललेला मी कधी ऐकला नव्हता. आणि मग, जसं माझ्या बाबतीत नेहमी होतं, माझं डोकं फिरलं. मी जुईला कडेवर घेऊन बाहेर आले.

"खातं बाईच्या नावावर आहे म्हणून लगेच पाणी दिसलं का?"

"मॅडम, मशीनला बाई-बाप्या कळत नाही."

"मशीन चालवणाऱ्याला कळतं. मशीन शेवटचं कधी तपासलंय? ज्या बाईनं हे दूध काढलंय ती पहाटेपासून राबते, स्वतःच्या लेकरासारखं बघते, आणि तुम्ही सगळ्यांसमोर तिला खोटं ठरवता? माझी खात्री आहे, या दुधात एक थेंब पाणी नाही. पुन्हा लावा."

"मीनल," अण्णा म्हणाले, "जाऊ दे."

"नाही अण्णा. लावा पुन्हा."

त्यानं पुन्हा लावलं. मशीननं पुन्हा पाणी दाखवलं, बहुतेक मघापेक्षा थोडं जास्तच.

"बघा," सुपरवायझर म्हणाला. "रंग बघा ना नुसता. निळसर मारतोय. हे काय गाईचं दूध आहे का?"

"द्या ती बाटली इकडे." मी त्याच्या हातातून बाटली घेतली आणि पुराव्यासारखी सगळ्यांसमोर उंच धरली. "हे दूध तुम्हाला—"

उंच धरल्यामुळे बाटलीचं बूड माझ्या डोळ्यांसमोर आलं. बुडाला चिठ्ठी होती. चिठ्ठीवर माझ्या अक्षरात लिहिलं होतं: शुक्रवार, दुपारी तीन. डावं.

मी बाटली खाली घेतली.

"काय लिव्हलंय?" किटली घेऊन उभे असलेले लतीफभाई जवळ आले. त्यांना चष्म्याशिवायही चांगलं दिसतं, हे मला त्या दिवशी कळलं. "डावं? वहिनी, चंद्रीला डावं-उजवं कधीपास्नं आलं?"

आता काय करणार होते मी? गप्प बसले असते तर आईंचं तीस वर्षांचं नाव गेलं असतं. बोलले तर माझं. नगरच्या मेडिकलमध्ये मी किती जोरात बोलले होते, आठवतंय ना? इथे माझा आवाज मलाच ऐकू येईना.

"हे चंद्रीचं नाही," मी म्हणाले. "माझं आहे."

सुपरवायझरनं हातातली मशीनची नळी सोडून दिली आणि रुमालाला हात पुसले, दोनदा. अण्णांना एकदम मागच्या अंगणात काहीतरी काम आठवलं. बाकी सगळी माणसं ओसरीच्या छताकडे बघत होती. आमच्या ओसरीला पंखासुद्धा नाही.

"म्हणजे मावशींच्या खात्यावर काही तक्रार नाही," सुपरवायझर कागदाकडे बघत म्हणाला. "मॅडमच्या... मॅडमच्या बाबतीत काही लिहीत नाही मी."

"उपकार झाले," मी म्हणाले.

आईंचा चेहरा मात्र उजळला होता. तीस वर्षांचं नाव शाबूत राहिलं होतं. त्यांनी शेणाचे हात कमरेवर ठेवले, आणि हळूहळू त्यांच्या डोक्यात पुढचा हिशोब जुळताना मला दिसायला लागला. माझ्या डोक्यात तो अजून सुरूही झाला नव्हता.

"मीनल, ही एक नंबर तुजी व्हय?"

"हो."

"मंग सकाळी जुईला पाजली ती एक नंबर कुनाची?"

कडेवर जुई होती. ती लोकांच्या किटल्यांकडे बघून ओठ चाटत होती.

"चंद्रीचं पिली माझी बाय," आई सगळ्या ओसरीला ऐकू जाईल असं म्हणाल्या. "अन् ही म्हनती, नैसर्गिक ओढ."

मी आत पळाले आणि डॉक्टरबाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्येच दोनदा खोकल्या. चार चमच्यांनी घाबरू नको, आज नीट लक्ष ठेव, उलटी-जुलाब झाले तर लगेच आण, आणि पुन्हा कच्चं दूध चुकूनही नको, असं म्हणाल्या. जुईला काहीही झालं नाही. फक्त त्या दिवशी माझं दूध पिताना ती मध्येच थांबून माझ्याकडे बघायची. तसं मला वाटलं असेल. पण बघायची.

संध्याकाळी आईंनी माझ्या बाटल्या त्यांच्या स्वतःच्या स्टीलच्या डब्यात ठेवल्या, डब्याला लाल दोरा बांधला आणि फ्रीजच्या वरच्या कप्प्यात ठेवून सगळ्यांना दम दिला, "ह्याला हात लावायचा न्हाई." अण्णांनासुद्धा. गाईच्या दुधाचं त्यांनी पुन्हा नाव काढलं नाही. मग माझ्यासमोर अळिवाच्या खिरीची वाटी आली. मी विज्ञानाबद्दल काही बोलले नाही. दुसरी वाटीही संपवली.

सोमवारी कॉलेजात गेले. दुसऱ्या एक मॅडम गेटवरूनच परत गेल्या. जुन्या उत्तरपत्रिकांच्या खोलीत बसून मी पंप चालवला, तीनवर. दुपारी समानतेचा तास घेतला आणि बाहेर येऊन आधी घरी फोन लावला.

"आई, काय पाजलं तिला?"

"तुजंच पाजलं," आई म्हणाल्या. "पानचट हाय, पन पिली बिचारी."