म्हशीनं खाल्लेला वाफा

विजया गायकवाड बाई गेल्याची बातमी मला शाळेनं कळवली नाही, राजाभाऊंनी कळवली. राजाभाऊ म्हणजे कर्जतच्या बाजारात ज्यांच्या दुकानावर ‘सर्व इयत्तांचे प्रकल्प तयार मिळतील’ अशी पाटी आहे, ते. थर्माकोलचा ज्वालामुखी, फिरणारी सूर्यमाला, बटण दाबलं की पेटणारं शहर… सगळं तयार, मुलाचं नाव घालायचं तेवढं बाकी. बाईंचं आणि त्यांचं हाडवैर. बाई बाजारात आल्या की दुकानासमोर उभ्या राहून ती पाटी मोठ्यानं वाचायच्या आणि म्हणायच्या, “राजाभाऊ, परीक्षेचे पेपर पण सोडवून ठेवत जा, म्हणजे पोरांना शाळेत यायलाच नको!” राजाभाऊ हात जोडायचे. त्या सकाळी फोनवर तो माणूस हमसून हमसून रडत होता. “सर, बाई गेल्या ओ… आता मला शिव्या कोन घालनार?” दिवसभर त्यांनी दुकान उघडलं नाही. शाळा मात्र सुरू होती. चाचणीचे गुण ऑनलाइन भरायचा शेवटचा दिवस होता म्हणे!

शोकसभा झाली चार दिवसांनी, मधल्या सुट्टीत. मी त्याच शाळेत आयुष्यभर चित्रकला शिकवली, आता निवृत्त आहे, म्हणून मलाही खुर्ची मिळाली. मुख्याध्यापक उभे राहिले आणि म्हणाले, “विजयाताई ही आमच्या शाळेची उपक्रमशील शिक्षिका होती.” उपक्रमशील! अहो, ती जिवंत असताना याच माणसानं तिला स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत ‘उपद्व्यापी बाई’ म्हटलं होतं, मी शेजारी बसलो होतो. मेल्या म्हशीला मणभर दूध, ही म्हण आपल्या लोकांनी उगाच केलेली नाही. पुढं त्यांनी जाहीर केलं, की विज्ञान प्रदर्शनात पहिल्या येणाऱ्या प्रकल्पाला यंदापासून बाईंच्या नावाचा फिरता चषक देऊ. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! आणि त्याच दमात त्यांनी सांगितलं, की प्रयोगशाळेच्या जागी आता डिजिटल वर्ग होणार, तेव्हा तिथलं ‘जुनं अडगळीचं सामान’ लवकरच हलवू. माझा हात खिशात गेला. खिशात त्या अडगळीची चावी होती.

ती चावी बाईंनीच मला दिली होती, आमच्या शेवटच्या भेटीत. भिसेगावच्या घरी त्या खाटेवर बसल्या होत्या, दुखण्यानं पार वाळलेल्या, पण डोळे तेच, वर्गातले. “डॉक्टर म्हणतात सुधारणा आहे,” त्या म्हणाल्या. “मी म्हटलं, दाखवा कुठं आहे ती. कागद चाळत बसले. औषध लागू पडलं नाही हे सांगायला काय जीभ झडते का हो यांची?” मला हसू आलं, रडूही आलं. मग त्यांनी उशीखालून चावी काढली. “सर, माझ्यामागं ते कपाट भंगारात जाणार, मला ठाऊक आहे. पोरांच्या चुका आहेत त्यात. त्यांच्या मालकीच्या. जाऊ देऊ नका.” मी शब्द दिला. तो देताना वाटलंही नव्हतं, की एक साधं लोखंडी कपाट वाचवायला एवढं भांडावं लागेल.

कपाटाची गोष्ट सांगितलीच पाहिजे. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात ते उभं असायचं आणि पोरं त्याला ‘चुकलेल्यांचं कपाट’ म्हणायची. दुसऱ्या शाळांत काचेच्या कपाटात ढाली आणि चषक असतात, बाईंच्या कपाटात फसलेले प्रयोग. गळणाऱ्या बाटलीचं पर्जन्यमापक. उलटी दिशा दाखवणारं होकायंत्र. पुठ्ठ्याला चंदेरी कागद लावून केलेली सूर्यचूल, तिच्यात डबा तसाच ठेवलेला आणि तळाला चिकटलेले कच्चे तांदूळ. ज्या पोरानं ती केली, तो दिवसभर ग्राउंडवर चूल घेऊन बसला होता आणि संध्याकाळी रडत आला, “बाई, भात नाय शिजला.” बाईंनी डबा उघडला, दाताखाली एक शीत चावून बघितलं आणि सगळ्या वर्गाला म्हणाल्या, “अरे वा! बाहेरून नरम झालाय, आत कच्चा आहे. म्हणजे ऊन आत गेलं, पण टिकलं नाही. कुठनं पळालं रं ते?” रडणारं पोर डोळे पुसून चुलीच्या फटी शोधायला लागलं. प्रत्येक वस्तूला पोराच्याच अक्षरात चिठ्ठी असायची, कुठं चुकलं त्याची. बाईंचं म्हणणं एवढंच, की ज्या प्रकल्पात काहीच चुकलं नाही, तो पोरानं केलेलाच नाही.

मला तर त्या टोचून टोचून खायच्या. प्रदर्शनाचे तक्ते रंगवायचं काम माझ्याकडं असायचं. “सर, तुमचं अक्षर इतकं देखणं आहे,” त्या म्हणायच्या, “की आतलं खोटं पण खरं वाटतं. जरा वाकडं काढत जा की!” मी चिडायचो. आणि पुढच्या वर्षी परत त्यांच्याच पोरांचे तक्ते आधी हातात घ्यायचो.

आता तो वाफा. आमच्याकडं भाताचं रोप करण्याआधी राब भाजतात. वाफ्यावर शेण, पालापाचोळा, टहाळ्या, वर माती पसरायची आणि उन्हाळ्यात पेटवून द्यायचं. त्या राखेत मग भात पेरायचा. आमचा बाप करायचा, त्याचा बाप करायचा. आठवीच्या वर्गात प्राची नावाची पोशीरची एक मुलगी होती, तिनं विचारलं, “बाई, राब नाय भाजला तर काय व्हतं?” दुसरं कुणी असतं तर पुस्तकातलं काहीतरी सांगून मोकळं झालं असतं. बाई म्हणाल्या, “मला नाही माहीत. करून बघू.” पोशीरला आमची जमीन आहे, तिचा एक कोपरा मी दिला. उजवा वाफा भाजला, डावा तसाच ठेवला. भात दोन्हीत एकच, पाणी एकच. पाऊस लागल्यावर पोरं दर आठवड्याला गुडघाभर चिखलात उभी राहून रोपं मोजायची, तण उपटून वेगळं मोजायची. डाव्या वाफ्यात तण माजलं होतं, पण रोपं काही मागं नव्हती. आता लावणीपर्यंत काय होतं ते बघायचं, अशा रंगात गोष्ट आली आणि एका दुपारी आमची चंपी म्हैस दावं तोडून आली आणि डावा वाफा साफ करून गेली!

पोरं मटकन खाली बसली. प्राची तर चंपीला मारायलाच निघाली होती. बाई बांधावर उभ्या राहून आधी हसल्या, मग म्हणाल्या, “जे झालं ते लिहा. म्हशीचं नाव सुद्धा लिहा.” तक्ता मीच रंगवला. शेवटच्या रकान्यात मी सुबक अक्षरात लिहिलं… ‘डावा वाफा चंपी म्हशीने खाल्ला. त्यामुळे उत्तर अर्धेच मिळाले.’

त्या वर्षी आमच्या संस्थेच्या सगळ्या शाळांचं प्रदर्शन खालापूरला होतं. आदल्या दिवशी मुख्याध्यापकांनी तक्ता बघितला आणि त्यांचं पित्त खवळलं. “हे म्हशीचं काय आहे? शाळेची शोभा करायची आहे का? डाव्या वाफ्याचे आकडे अंदाजानं भरा आणि निष्कर्ष लिहा, राब भाजणे ही अंधश्रद्धा आहे.” मग थोडा विचार करून म्हणाले, “किंवा लिहा, पारंपरिक ज्ञान श्रेष्ठ आहे. परीक्षक कोण आहेत बघून ठरवू.” ऐकताय ना? उत्तर काय यायचं ते परीक्षक बघून ठरणार! बाईंनी तक्ता गुंडाळला आणि म्हणाल्या, “सर, आकडे म्हशीच्या पोटात आहेत. मी कुठून आणू?”

खालापूरला परीक्षक होते कुंभिवलीकडच्या एका कारखान्यातले मोठे अधिकारी. त्यांनी शेवटचा रकाना वाचला, हसले आणि प्राचीला म्हणाले, “बेटा, हे खोडून अंदाजे काहीतरी लिही, तुझा प्रकल्प छान आहे, नंबर येईल.” तेरा-चौदा वर्षांची पोर, समोर सुटाबुटातला माणूस, मागं मुख्याध्यापक डोळे वटारून उभे. ती घाबरली होती, मला दिसत होतं. पण म्हणाली, “नाय सर. म्हशीनं खाल्लं, तर म्हशीनं खाल्लं असंच लिवायचं. नायतर आमी पावसात जाऊन मोजलंच कशाला?” नंबर आला नाही. पहिला नंबर ज्वालामुखीचा आला. तो राजाभाऊंच्या दुकानातला होता, हे बाजारातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

आणि बाईंना काय मिळालं? शाळेची नाचक्की केली म्हणून लेखी समज! पुढच्या जूनपासून आठवी-नववीचं विज्ञान काढून घेतलं आणि पाचवीच्या वर्गावर बसवलं. आयुष्यभर जिनं पोरांना प्रश्न विचारायला शिकवलं, तिला एकानं सुद्धा विचारलं नाही, की बाई, तुमचं काय चुकलं? त्यांनी तक्रार केली नाही. उजव्या वाफ्यातल्या रोपांची एक वाळकी जुडी सुतळीत बांधून कपाटातल्या खिळ्याला टांगली. शेजारच्या खिळ्याला नुसती सुतळी टांगली, चंपीच्या वाट्याची. खाली प्राचीची चिठ्ठी. पाचवीची पोरं शाळा सुटली की कपाटासमोर गोळा व्हायची आणि बाई त्यांना एकेक वस्तू काढून दाखवायच्या. हे मात्र कुणाला बंद करता आलं नाही.

बाईंना जाऊन काही आठवडे झाले आणि प्रदर्शन आलं. मला बोलावणं आलं ते नाव रंगवायला. हातात कागद दिला, त्यावर ‘कै. विजया गायकवाड स्मृती चषक’. मी फळ्यावर ‘कालकथित’ लिहिलं. मुख्याध्यापक म्हणाले, “सर, हे काय नवीन काढलंत?” मी म्हटलं, “नवीन काही नाही. त्यांच्या घरी, बौद्ध लोकांत, ‘कैलासवासी’ऐवजी असंच लिहितात. पुण्यानुमोदनाला आला असता, तर पत्रिकेवर दिसलं असतं.” नाव तसंच राहिलं. पण कपाट त्यांनी व्हरांड्यात ओढून काढलंच होतं, आणि त्याला भंगारवाल्यासाठी खडूनं फुली मारली होती.

पहिला नंबर कुणाचा आला असेल? ज्वालामुखीचा! सातवीतला गोड मुलगा होता. मी वाकून विचारलं, “बाळा, यात कुठं चुकलं?” तो गोंधळला. “काय नाय चुकलं सर. तयारच आनलाय.” त्याचा काय दोष? तो खरं बोलला. खोटं बोलत होते ते व्यासपीठावरचे. बाईंच्या नावाचा चषक बाईंनी जन्मभर ज्याचा तिटकारा केला त्या थर्माकोलला दिला आणि वर फोटो काढले! माझं डोकं सटकलं. मी उठून सगळ्यांसमोर म्हणालो, की चषक ठेवायला जागा आहे आणि कपाट ठेवायला नाही, ही कसली आठवण? मुख्याध्यापक अत्यंत सौम्यपणे म्हणाले, “सर, भावना समजू शकतो. पण अडगळ ती अडगळच.” ज्या माणसाला भावना एवढ्या समजतात, त्याच्याशी भांडून काही उपयोग नसतो.

संध्याकाळी व्हरांड्यासमोर एक टेंपो येऊन लागला. मला वाटलं भंगारवाला. उतरले राजाभाऊ. “सर, चावी हाय ना तुमच्याकडं? द्या ते कपाट. आज माझ्या मालाला बाईंच्या नावाचा कप मिळाला ओ… मला जेवन गेलं नाय.” दोघांनी मिळून, हमालाला शिव्या घालत, ते कपाट चढवलं. शाळेतून कुणी अडवायला आलं नाही. अडगळ जात होती ना!

तर आता बाईंचं कपाट राजाभाऊंच्या दुकानात आहे, काउंटरला लागून, उघडं. लाज वाटायला हवी ती शाळेला, दुकानदाराला नाही. मी बाजारात गेलो की तिथं टेकतो. परवाच पोशीरची एक मुलगी बापाबरोबर ज्वालामुखी घ्यायला आली होती. राजाभाऊंनी तो काढून काउंटरवर ठेवला. बाप पिशवी उघडून उभा. मुलगी मात्र कपाटात डोकं घालून. “ही सुतळी कितीला?” तिनं विचारलं.

“ते इकायचं नाय गं,” राजाभाऊ म्हणाले.

ती चिठ्ठी अक्षर लावून वाचायला लागली. मग माझ्याकडं वळली. “आजोबा, ही चंपी अजून हाय?”

“नाय गं. म्हातारी होऊन मेली.”

“आन तो वाफा?”

“वाफा हाय. आमचाच आहे.”

“मग नाय भाजलं तर काय व्हतं, ते कोनालाच म्हाईत नाय?”

“कोणालाच नाय.”

बाप म्हणाला, “चल गं, ज्वालामुखी घ्यायचाय ना?” ती हलेना. त्या रिकाम्या सुतळीकडं बघत राहिली. “पप्पा, थांबा ना… मी करून बघू? आता म्हस पन नाय.” मी म्हटलं, दुसऱ्यांच्या म्हशी आहेत, यंदा कुंपण घालावं लागेल. ती म्हणाली, घालू.

राजाभाऊंनी ज्वालामुखी उचलला, फुंकर मारून त्याच्यावरची धूळ उडवली आणि परत फळीवर ठेवला. मग कपाटाकडं बघून म्हणाले, “काय ओ बाई… गेलात तरी माझं गिऱ्हाईक तोडताय!”